धागा: चालणारा प्रोग्राम लायब्ररी म्हणून का उघडत नाही, आणि तो नकार मला रास्त का वाटतो

आजचा धागा वतनपत्रांचा नाही आणि किल्ल्यांचाही नाही. संगणकाने दिलेल्या एका नकाराचा हा इतिहास आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीने यात का पडावे, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा. ही वाट शेवटी आपल्याच दप्तरापाशी येते.

माझे गाव नातेपुते. प्रबंधासाठी मी माळशिरस तालुक्यातील, नीरा उजव्या कालव्याखालच्या गावांतील सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल जमवते आहे. छापील प्रती बहुतेक ठिकाणी रद्दीत गेल्या, उरल्या त्या वाळवीने खाल्ल्या. गावात पूर्वी डीटीपीचे काम करणाऱ्या एका काकांनी मात्र जुन्या कपाटातून दोन सीडी काढून दिल्या. १९९८ पासून पुढची सात-आठ वर्षे त्यांच्याकडे जे जे टाइप झाले ते सारे त्यांत होते: सोसायट्यांचे अहवाल, पालखी मुक्कामाच्या स्मरणिका, शाळांची पत्रके, आणि असंख्य लग्नपत्रिका. मोठ्या आनंदाने पहिली फाइल उघडली, तर पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. डोक्यावर उच्चारचिन्हे घेतलेली लॅटिन अक्षरे, मधेच डॉलरचे चिन्ह, मधेच अर्धविराम.

जुन्या डीटीपीशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे नवे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतन १९८३ मध्ये आले, १९९१ मध्ये ते भारतीय मानक झाले, आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने आपला देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीवरून बेतला. तरीही छपाईच्या दुकानांत राज्य होते ते श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या संचांतील फाँटचे. दुकानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेजमेकरला युनिकोड देवनागरी शेवटपर्यंत उमगली नाही. प्रत्येक फाँटची अंतर्गत मांडणी निराळी. ज्या खणात इंग्रजीचे एखादे चिन्ह असे, त्याच खणात कुणी अर्धा ‘क’ बसवी, कुणी रफार. फाँट असला की मराठी, नसला की कचरा. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने नव्हे, दिसण्याच्या क्रमाने साठवलेली. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘क’च्या आधी, ‘अर्क’मधला रफार ‘क’च्या नंतर. म्हणून असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना नुसते खण बदलून भागत नाही. वेलांटी व्यंजनाच्या मागे न्यावी लागते आणि रफाराचा ‘र’ व्यंजनाच्या आधी आणावा लागतो.

हे काम करणारा एक परिवर्तक माझ्या मित्राने २०१८ मध्ये लिहिला होता, नेमका याच फाँटसाठी. लिनक्सवर, सी-प्लस-प्लसमध्ये, परीक्षेच्या तोंडावर दोन आठवड्यांत. पुढे त्याची हार्ड डिस्क बिघडली आणि सोर्स कोड गेला. त्याने तो दुसरीकडे ठेवला नव्हता, मीही मागून घेतला नव्हता. उरली ती एकच फाइल: तयार, चालणारा प्रोग्राम, म्हणजे एक्झिक्युटेबल. मूळ पत्र हरवले आणि नक्कल उरली, हे आपल्या शाखेत रोजचेच. येथे नक्कलही वाचता येण्याजोगी नव्हती, फक्त चालवता येण्याजोगी होती.

फायली काही शे, त्यांत परिच्छेद हजारो. प्रत्येक परिच्छेदासाठी तो प्रोग्राम नव्याने सुरू करण्याऐवजी मी आडवाट धरली. पायथनच्या सीटाइप्समधून ती फाइल जणू लायब्ररीच आहे अशी उघडली, आतल्या परिवर्तन करणाऱ्या फंक्शनला थेट हाक मारली, आणि ते चालले. बरेच दिवस चालले. मग लॅपटॉपवरील उबुंटू १८.०४ जाऊन २०.०४ आले, आणि त्याच फाइलवर, त्याच ओळीला, इंग्रजीत उत्तर मिळाले. त्याचा भावार्थ: स्थाननिरपेक्ष एक्झिक्युटेबल अशा रीतीने लोड करता येणार नाही.

मित्र चिडला. ‘कालपर्यंत चालत होतं, मग आजच काय धाड भरली?’ हा त्याचा प्रश्न. मी या नकाराची वंशावळ शोधत गेले आणि माझे मत त्याच्या उलट झाले. नकार रास्त होता. तो उशिरा आला, एवढीच त्याच्याविषयी तक्रार करता येईल. प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यामधली भिंत माणसांनी एका विशिष्ट काळात, विशिष्ट सोयीसाठी घातली आहे. ती कोठे आहे हे ठाऊक नसलेले लोक आपली साधने तिच्या चुकीच्या बाजूला ठेवून मोकळे होतात. मराठीसाठी लिहिलेल्या कित्येक साधनांचे असेच झाले आहे.

आधी भिंत म्हणजे काय ते पाहू. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने बोलवावे यासाठीच लिहिलेला फंक्शनांचा संच. तिला स्वतःची सुरुवात नसते. एक्झिक्युटेबलला ती असते. त्याला हुकूम मिळाला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्यासाठी वेगळी प्रोसेस उभी करते, स्मृतीची कोरी जागा देते, आणि तो ‘मेन’ या फंक्शनापासून चालू लागतो. डायनॅमिक लायब्ररी मात्र चालू प्रोसेसमध्ये मागाहून, गरज पडेल तेव्हा आणता येते. लिनक्सवर त्यासाठी ‘डीएलओपन’ हे आवाहन आहे, मूळ सनओएसचे. माझ्या पायथनच्या ओळीच्या पोटातही तेच होते.

आता थोडे मागे जाऊ. १९६५ च्या सुमारास एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स नावाची प्रणाली उभारायला घेतली. तिच्यात ही भिंत जवळजवळ नव्हतीच. स्मृती विभागांत, म्हणजे सेगमेंटांत वाटलेली. एखाद्या कार्यक्रमाने दुसऱ्या विभागातील फंक्शनाचे नाव पहिल्यांदा उच्चारले की यंत्र क्षणभर थांबे, तो विभाग शोधला जाई, दुवा जोडला जाई आणि काम पुढे सुरू होई. वापरकर्त्याने टाइप केलेली आज्ञासुद्धा याच वाटेने जाई. आज्ञा म्हणजे त्या नावाचे एक फंक्शन. शेल तिला तिथल्या तिथे, आपल्याच प्रोसेसमध्ये बोलवी. म्हणजे आज जे करायला मला मज्जाव झाला, ते तेथे दैनंदिन व्यवहार होता.

मग ते सोडले का? एक अडचण तिथल्या लोकांना लवकरच जाणवली. आज्ञा एकाच प्रोसेसमध्ये चालत असल्याने एकीने मागे ठेवलेले स्थिर व्हेरिएबल पुढच्या वेळी तसेच सापडत. पहिल्या खेपेला बरोबर चाललेला प्रोग्राम दुसऱ्या खेपेला शिळ्या आकड्यांवर चाले. पाटी कोरी करायची तर नवी प्रोसेस मागून घ्यावी लागे, आणि त्यासाठी वेगळी आज्ञाच होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा; तो पुढे दोनदा परत येणार आहे.

बेल लॅब्ज १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली. त्याच वर्षी केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर जे मांडले त्याचे पुढे युनिक्स झाले. यंत्र इतके तोकडे की आरंभीच्या युनिक्सचा शेल आज्ञा मिळाल्यावर त्या प्रोग्रामला आपल्याच अंगावर लिहून घेई. प्रोग्राम संपला की शेलची नवी प्रत वाचून आणावी लागे. नंतर प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र प्रोसेस मिळू लागली. काम झाले की ती सारी प्रोसेस पुसून टाकायची, काहीही मागे उरत नाही. भिंत येथे बांधली गेली. मला ती आवडते. गरिबीतून आलेली युक्ती पुढे शहाणपण म्हणून टिकली, असे इतिहासात वारंवार घडते.

तिची किंमतही होती. लायब्ररीतील मजकूर प्रत्येक प्रोग्रामात जसाच्या तसा उतरवला जाई. शंभर प्रोग्रामांत एकाच फंक्शनाच्या शंभर प्रती. ‘सामाईक’ लायब्ररी त्यातून आली, पण सुरुवातीला तिला ठरलेला पत्ता लागे. लिनक्सच्या पहिल्या काही वर्षांत, १९९५ च्या आसपास ईएलएफ हे फाइलस्वरूप रूढ होण्यापूर्वी, प्रत्येक सामाईक लायब्ररीला स्मृतीतील जागा आधीच नेमून द्यावी लागे आणि कोणाची जागा कोठून कोठपर्यंत याची यादी ठेवावी लागे. थोडक्यात सातबाराच. दोन लायब्ऱ्यांच्या हद्दी एकमेकींत शिरल्या की भांडण. सनने १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये याला दिलेले उत्तर पुढे सर्वांनी उचलले: मजकूरच असा रचायचा की तो स्मृतीत कोठेही उतरवला तरी चालेल. त्याला स्थाननिरपेक्ष कोड म्हणतात.

येथवर भिंत शाबूत होती. ईएलएफ फाइलीच्या मथळ्यातच प्रकाराचा आकडा असतो: २ म्हणजे एक्झिक्युटेबल, ३ म्हणजे सामाईक लायब्ररी. लोडरने २ पाहिला की तो लायब्ररी म्हणून उघडायला साफ नकार देई. आपल्याकडे पत्राच्या मायन्यावरूनच हे आज्ञापत्र की विनंतीपत्र ते कळते, तसे.

गोंधळ झाला तो सुरक्षेच्या वाटेने. प्रोग्राम नेहमी एकाच पत्त्यावर उतरत असेल तर हल्लेखोराला त्याच्या आतली जागा आधीच ठाऊक असते. म्हणून पत्ते दर वेळी बदलायची कल्पना पुढे आली. पॅक्स प्रकल्पाने २००१ मध्ये ती लिनक्सवर आणली. पण त्यासाठी एक्झिक्युटेबलही स्थाननिरपेक्ष हवा. २००३ च्या सुमारास तसे प्रोग्राम बांधायची सोय झाली. त्यांना पीआयई म्हणतात. अँड्रॉइडने २०१४ मध्ये पाचव्या आवृत्तीत त्यांची सक्ती केली, उबुंटूने २०१६ च्या १६.१० पासून तेच स्वाभाविक मानले. कोठेही उतरू शकणाऱ्या फाइलसाठी आकडा आधीच उपलब्ध होता: ३. तोच या प्रोग्रामांनाही दिला गेला. एका रात्रीत सारे प्रोग्राम कागदोपत्री लायब्ररी झाले. फाइलचा प्रकार सांगणारी ‘फाइल’ ही आज्ञाही कित्येक वर्षे अशा प्रोग्रामचे वर्णन सामाईक लायब्ररी असेच करत होती. लोडर मायना वाचत होता, आणि मायना आता खोटा झाला होता.

माझ्या मित्राचा २०१८ मधला परिवर्तक याच काळातला. तो लायब्ररी म्हणून उघडत होता, कारण त्याला कोणी अडवत नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये लिनक्सच्या मूळ सी-लायब्ररीची, जीलिबसीची, २.३० ही आवृत्ती आली आणि तिने अडवायला सुरुवात केली. आकडा ३ असला तरी लिंकर पीआयईवर एक वेगळा बिट उमटवून ठेवतो. तो दिसला की नकार.

आता हा नकार योग्य का, ते सांगते. येथे जरा रेंगाळावे लागेल.

नातेपुत्यात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम असतो. सोलापूर जिल्ह्यातला तो पहिलाच. तळावर वाढलेल्या मुलीला एक गोष्ट न शिकवता कळते. दिंडी स्वयंपूर्ण असते. तिचा विणेकरी तिचा, तिचे टाळकरी तिचे, तिची चूलही तिची. तरी सोहळ्यात तिला क्रमांक असतो, रथापुढे किंवा रथामागे. ती त्या जागी चालते. सायंकाळी समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सारे टाळ थांबतात. कोणती दिंडी कोठल्या तळावर आली म्हणून ही व्यवस्था बदलत नाही. लायब्ररी दिंडीसारखी असते. एक्झिक्युटेबल मात्र अख्खा सोहळा असतो. रथ आपला, चोपदार आपला, पहिला मान आपला, असे गृहीत धरूनच तो घरून निघालेला असतो. त्याला दुसऱ्या सोहळ्यात आणून उभे केले तर तळावर दोन चोपदार होतात.

हे गृहीत नुसते मनात नसते, फाइलीत कोरलेले असते. त्याचे दोन पुरावे देते.

पहिला. प्रोग्राम बांधताना लिंकरला ठाऊक असते की लोडर नावे शोधायला निघाला की सर्वांत आधी एक्झिक्युटेबलमध्ये पाहणार. त्या भरवशावर तो एक काटछाट करतो. लायब्ररीतील एखादे सामाईक व्हेरिएबल प्रोग्रामला लागत असेल, तर त्याच्यासाठी तो प्रोग्रामच्याच पोटात जागा राखतो. सुरुवातीला लोडर मूळ मूल्य त्या जागेत उतरवतो, आणि लायब्ररीसकट सर्वांना सांगतो की यापुढे खरे व्हेरिएबल हे. प्रोग्राम पहिला असेपर्यंत ही युक्ती निर्धोक आहे. तो दुसरा म्हणून आला, तर बाकीचे आधीच जुन्या जागेकडे पाहत असतात आणि हा एकटा आपल्या प्रतीकडे पाहत बसतो. सी-प्लस-प्लसमधील ‘सीआउट’, म्हणजे मजकूर बाहेर छापणारी वस्तू, अशाच रीतीने हाताळली जाते. मग एका प्रोसेसमध्ये दोन सीआउट, आणि एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नाही. एका वतनाच्या दोन सनदा निघाल्या की काय होते हे आपण जाणतोच.

दुसरा पुरावा मला अधिक जिव्हाळ्याचा आहे. एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालू शकतात, आणि प्रत्येक थ्रेडला काही खासगी व्हेरिएबल ठेवता येतात. लायब्ररी आपले खासगी व्हेरिएबल कोठे आहे ते चालू असताना विचारून घेते. एक्झिक्युटेबल विचारत नाही. आपली जागा रांगेत पहिली, हे त्याला बांधणीच्या वेळीच माहीत असते, म्हणून थ्रेडच्या मुळापासूनचे अंतर तो थेट आकड्यात लिहून टाकतो. दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये त्याच अंतरावर दुसऱ्याच कोणाचे तरी सामान असते. हा तेथे वाचतो, लिहितोही. लोडर हे दुरुस्त करू शकत नाही, कारण आकडा कोडमध्येच मुरलेला असतो.

मित्राने आपल्या परिवर्तकात असे एक व्हेरिएबल ठेवले होते. आधी आलेली वेलांटी, व्यंजन येईपर्यंत तो त्यात अडकवून ठेवी. बारकाईने पाहण्याचे साधन लावल्यावर फाइलीत थ्रेडच्या खासगी जागेचा तक्ता दिसला, तेव्हा मला जुन्या उन्हाळ्याची आठवण झाली. शेकडो परिच्छेद सुरळीत जात आणि मधेच पायथन कोलमडे. माळशिरस तालुक्यात वैशाखात दुपारी तीन वाजता लॅपटॉपने मान टाकली तर कोणी कारण विचारत नाही. आम्ही उन्हाला दोष देऊन पंखा लावला होता.

कोलमडला तेथे निदान कळले तरी. मला खरी भीती वाटते ती न कोलमडता पुढे गेलेल्या पानांची. अहवालातील भागभांडवलाचा आकडा एका खणाने सरकला, तर तो माझ्या तक्त्यात जाईल, तक्त्यातून तळटिपेत जाईल, आणि दहा वर्षांनी दुसरे कोणी ती तळटीप प्रमाण मानेल. स्पष्ट नकार देणारा लोडर मला त्याहून कितीतरी परवडतो.

या नकाराला बगल देण्याचे मार्ग आहेत आणि ते गुप्तही नाहीत. फाइलीतील तो एक बिट पुसला की लोडर पुन्हा फसतो. फाइलींची चिरफाड करणाऱ्या लीफ नावाच्या साधनाने एक्झिक्युटेबलचे रूप पालटून त्याची लायब्ररी कशी करावी हे सविस्तर दाखवलेही आहे. जो परक्या प्रोग्रामची आतून तपासणी करतो आहे त्याला हे हत्यार लागते, आणि परिणामांची जोखीम तो जाणून असतो. पण रोजच्या कामाचा पाया म्हणून? शिक्का खरवडल्याने पत्रातील मजकूर बदलत नाही. आतली अंतरे तीच राहतात, दुसरा सीआउट तसाच राहतो. बिट पुसून आपण फक्त सूचना देणाऱ्याचे तोंड बंद करतो. मित्राने एका संध्याकाळी हे करून पाहिले, फाइल उघडली, तो खूश झाला. मी त्या रात्री त्यातून एकही पान जाऊ दिले नाही.

विंडोजचे उदाहरण कोणी देईल. तेथे ‘लोडलायब्ररी’ला एक्झिक्युटेबलचे नाव देता येते, हे खरे. मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्याप्रमाणे त्याचा उपयोग आतली चित्रे, मजकूर अशी साधनसामग्री काढून घेण्यापुरता. त्या वाटेने प्रोग्राम चालवू नये. म्हणजे दार उघडते ते कपाटाचे, घराचे नव्हे.

भिंत डावलण्याचा मोह किती सार्वत्रिक आहे याची साक्ष एफएफएमपेग देईल. ध्वनी-चित्रफितींचे हे विख्यात साधन. त्याच्या लायब्ऱ्या उत्तम आहेत, पण लोकांना तयार आज्ञाच हवी असते. म्हणून अँड्रॉइडवर अनेकांनी त्याचे ‘मेन’ फंक्शनच लायब्ररीत कोंबून आपल्या ॲपमधून बोलावले. पहिल्या वेळी चाले. दुसऱ्या वेळी मागच्या खेपेचे व्हेरिएबल तसेच पडलेले सापडत आणि ॲप कोसळे. कधी प्रोग्राम आपले काम संपवून रीतसर निरोप घेई आणि जाताना सोबत सारे ॲपही घेऊन जाई. मल्टिक्सच्या लोकांनी अनुभवलेले शिळे आकडे ते हेच, चाळीस-पन्नास वर्षांनी. आणि त्याच २०१९ साली अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीने नव्या ॲपना आपल्या लिहिता येणाऱ्या जागेतून प्रोग्राम चालवण्यास मनाई केली, तेव्हा लोकांनी एक्झिक्युटेबलला लायब्ररीचे नाव देऊन लायब्ऱ्यांच्या फोल्डरात बसवले. वेषांतर इकडून तिकडेही होते.

गंमत म्हणून सांगते, उलटा प्रवास मात्र सभ्यपणे होऊ शकतो. लिनक्सवरील मूळ सी-लायब्ररीची फाइल आज्ञा म्हणून चालवून पाहा. ती आपली आवृत्ती आणि हक्कांची ओळ छापून शांतपणे निघून जाते. लायब्ररी असून तिला स्वतःचा लहानसा दरवाजा ठेवलेला आहे. कोणीतरी तो ठरवून ठेवला, म्हणून तो चालतो.

मोठ्या प्रकल्पांनी हाच धडा उचलला. फायरफॉक्सचा एक्झिक्युटेबल पाहाल तर तो निव्वळ दारवान आहे. खरे ब्राउझर ‘लिबझूल’ या लायब्ररीत आहे आणि दारवान ती उघडून बाजूला होतो. लिब्रेऑफिसचेही तसेच, त्याचा मुख्य प्रोग्राम चिमुकला आणि सारी करामत लायब्ऱ्यांत. त्यामुळेच लिब्रेऑफिसचा गाभा दुसऱ्या प्रोग्रामांना आपल्यात आणता येतो, त्यासाठी कोणताही बिट पुसावा लागत नाही. प्रोग्राम आणि लायब्ररी दोन्ही हवे असतील तर लायब्ररी आधी लिहायची आणि ‘मेन’ तिच्या उंबऱ्यावर बसवायचे. याला फार तर वीस ओळी जास्त लागतात.

आणि येथे मला आपल्या लोकांशी भांडायचे आहे. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मराठीत थोडे झाले नाहीत. बहुतेकांचे रूप एकच: एक खिडकी, डावीकडे जुना मजकूर चिकटवायची चौकट, उजवीकडे नवा मजकूर, मध्ये एक बटण. काही शे फायली असलेल्या माणसाने त्या बटणावर काही शे वेळा बोट ठेवावे, ही अपेक्षा. ज्या तक्त्यावर हे सारे उभे आहे, म्हणजे कोणत्या खणात कोणते अक्षर, तो तक्ता त्या खिडकीच्या पोटात कायमचा बंद. लिहिणाऱ्याचा संगणक गेला, उत्साह ओसरला, विंडोज बदलले, की तक्ताही गेला. पुढचा विद्यार्थी तोच तक्ता पुन्हा पहिल्या खणापासून तयार करतो. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता हे मला मान्य आहे. माझा मित्रही याच रांगेतला, आणि त्याच्या परिवर्तकाशिवाय मी एक पानही वाचू शकले नसते. तरी ‘चालते ना, मग झाले’ हे वाक्य मोडी दप्तर रद्दीत विकणाऱ्यांनीही आपापल्या परीने उच्चारले असणार.

‘सोर्स कोडच नाही, तेव्हा असली तत्त्वे काय कामाची?’ हा मित्राचा आक्षेप खरा होता. हातात फक्त एक्झिक्युटेबल असेल तर काय करावे? त्याच्याशी भिंतीपलीकडूनच बोलावे, हे माझे उत्तर. प्रोग्राम जसा चालायला बांधला आहे तसाच, त्याच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालवायचा. एका नळीने मजकूर आत, दुसऱ्या नळीने बाहेर. मी पूर्वी परिच्छेदागणिक नवा प्रोग्राम सुरू करण्याला भ्याले होते. ती भीतीही अवाजवी निघाली. एकदा सुरू केला की तो ओळीमागून ओळ घेत राहतो. चोपदार त्याचा त्याच्या तळावर, माझा माझ्या.

त्यातून पुढची वाट आपोआप दिसली. जुन्या फाँटचे खण २५६. प्रत्येक खणाचा अंक एकेकटा त्याला द्यायचा आणि काय उत्तर येते ते लिहून घ्यायचे. मग प्रत्येक दोहोंची जोडी, म्हणजे ६५,५३६ ओळी. वेलांटी कोणासमोर कशी सरकते, रफार किती मागून परत येतो, हे जोड्यांतून उलगडते. तिहेरी जोड्या सगळ्या तपासणे शक्य नाही, म्हणून काकांच्या सीडींत प्रत्यक्ष आढळणाऱ्या तेवढ्याच घेतल्या. अज्ञात लिपी ज्ञात मजकुराशी ताडून वाचण्याची ही आपली जुनीच रीत. हरवलेला सोर्स कोड परत आला नाही, पण त्यातला तक्ता आला, आणि आता तो साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. तिच्यावर मित्राने छोटी लायब्ररी लिहिली, लायब्ररीच्या उंबऱ्यावर वीस-एक ओळींचे ‘मेन’ बसवले. आडवाटेने परिवर्तित केलेली जुनी पाने मी सरसकट बाद केली आणि पुन्हा मूळ फायलींपासून सुरुवात केली.

तक्ता उघडा पडल्यावर त्यातल्या चुकाही दिसू लागल्या. जुन्या फाँटमध्ये ‘ऱ्या’मधल्या आडव्या ‘र’ला स्वतंत्र खण आहे, मित्राने २०१८ च्या घाईत त्याला साधा ‘र्’ दिला होता. परिणामी एका स्मरणिकेत पालखी मुक्कामी स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार झाल्याची बातमी माझ्या टिपणांत ‘आचार्यांचा सत्कार’ अशी उतरली होती, आणि हे आचार्य कोणत्या मठाचे असावेत याचा मी दोन दिवस शोध घेत होते. तक्त्यातील ती ओळ काल दुरुस्त केली.